बीएस्सी तीन वर्षांचं, बाहेर ते किती धरतात?

मुंबईतलं रुईया, रुपारेल, साठ्ये, कुठल्याही कॉलेजातून बीएस्सी झालेली पोरं विचारतात, दादा आपली डिग्री बाहेर चालते का. चालते रे, पण देश कुठला ते आधी सांग. डिग्रीचं नाव सगळीकडे सारखंच, तिकडचे लोक मोजतात वर्षं आणि क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे गुण.

अमेरिकेत बॅचलर्स चार वर्षांचं, म्हणजे शाळेपासून धरून सोळा वर्षं. आपली बीएस्सीपर्यंत पंधराच होतात, म्हणून चार वर्षांचं बीई केलेले आरामात असतात आणि बीएस्सीवाल्यांना काही युनिव्हर्सिट्या आधी एमएस्सी करून या म्हणतात. काही तीन वर्षांवरही घेतात, तेव्हा प्रत्येक डिपार्टमेंटच्या अटी स्वतः वाचायच्या, कन्सल्टंट म्हणाला म्हणून फी भरत सुटायचं नाही. नवीन शैक्षणिक धोरणात चौथं ऑनर्सचं वर्ष आलंय, अमेरिका पक्की असेल तर ते करून टाका असं माझं मत. इंग्लंडात बॅचलर्स मुळात तीनच वर्षांचं (स्कॉटलंडमध्ये मात्र चार), त्यामुळे तिथे ही कटकटच नाही आणि मास्टर्सही वर्षभरात उरकतं.

मी मास्टर्स जर्मनीत केलं, तिथे मार्कांची गंमत. 1.0 सगळ्यात भारी, 4.0 म्हणजे काठावर पास. आपले मार्क बदलायचा हिशोब असा, शंभरातून तुमचे टक्के वजा करा, पासिंग 40 असेल तर त्याला 60 ने भागा, तीनने गुणा, वर एक मिळवा. 70 टक्क्यांचे होतात 2.5. आमची आजी हबकलीच, "सत्तरचे अडीच? आणि तरी घेतलं तुला?" पण हसू नका, बऱ्याच कोर्सना कटऑफ 2.5 असतो आणि 68 टक्केवाला 2.6 वर अडकतो. क्रेडिटचंही तसंच, तिकडे वर्षाला 60, म्हणजे तीन वर्षांच्या बॅचलरला 180, आणि एका क्रेडिटमागे घरचा अभ्यास धरून 25 ते 30 तास. आपल्या मार्कशीटवरचे क्रेडिट याच्याशी सरळ जुळतीलच असं नाही, म्हणून ते सिलॅबस मागतात, कुठल्या विषयाला किती लेक्चर, किती प्रॅक्टिकल. तर सिलॅबसच्या पीडीएफ आत्ताच सेव्ह करा, ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या वर्षांच्या मार्कांचा अधिकृत दाखला) कलिनाला, म्हणजे मुंबई विद्यापीठात, लवकर अर्ज टाका, आणि जर्मनीसाठी नोव्हेंबर 2022 पासून एपीएस सर्टिफिकेटही (आपली कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लागतं ते धरून चाला.

मेडिकलवाल्यांचं वेगळंच, आपल्याकडे एमडी एमबीबीएसनंतर, अमेरिकेत डॉक्टरकीची पहिलीच डिग्री एमडी. लग्नाच्या बायोडेटावर दोन्ही सारखेच दिसतात 😄

आणि परत यायचं असेल तर उलटंही तपासा. 2022 मध्ये भारत आणि ब्रिटनचा एकमेकांच्या डिग्र्या मानायचा करार झाला, पण इंजिनीअरिंग, मेडिकल, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर त्यात नाहीत. इथे प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी डोक्यात असेल तर अॅडमिशन घ्यायच्या आधीच याची चौकशी करा.