बेने इस्राएल शेजाऱ्यांकडे जाताय? या चुका टाळा

अलिबाग, पेण, पनवेल, ठाणे या पट्ट्यात पेणकर, दिवेकर, राजपूरकर अशी आडनावं लावणारी आणि घरात मराठीच बोलणारी यहुदी कुटुंबं, म्हणजेच बेने इस्राएल, कित्येक पिढ्या राहत आली आहेत. ती तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. इतका जुना शेजार असूनही आपण त्यांना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारतो, याचं मला फार वाईट वाटतं. त्याहून वाईट म्हणजे इस्राएलमधल्या युद्धाचा जाब त्यांच्याकडे मागणं. धर्म वेगळा, देश वेगळा. हा प्रश्न त्यांच्या दारात नेऊच नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो खाण्यात. ‘मटण खातात ना, मग काय अडचण?’ असं म्हणून बाजारातलं मटण शिजवून वाढू नका. धर्माच्या नियमाने कापलेलंच मांस चालतं आणि त्यासोबत दूध, दही, तूप येत नाही. म्हणून तर त्यांच्या रश्श्यात नारळाचं दूध असतं. कोकणात ते दारातच मिळालं! मासळीत पर आणि खवले दोन्ही हवेत. पापलेट चालतं, कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, मुशी नाही. भेट न्यायची तर सरळ फळं न्या. पेढे घेऊन गेलात आणि घरात मटणाचा बेत निघाला, तर ओशाळू नका. ‘हे नंतर खा’ एवढं म्हटलं की झालं.

शब्बाथ शनिवारी सकाळी नाही, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चालतो. त्या वेळात विस्तव पेटवायचा नाही, कामधंदा नाही. कुणी काटेकोर पाळतं, कुणी थोडं सैल. आधी विचारून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी गेलात तर लावलेले दिवे विझवू नका. ‘गॅस लावा, चहा टाका’ हा आग्रहही नको.

प्रार्थनास्थळी पुरुषांनी डोकं झाकायचं. टोपी नसेल तर रुमाल चालतो. शब्बाथला फोन आणि कॅमेरा बाहेरच. तोरा या त्यांच्या धर्मग्रंथाची गुंडाळी पवित्र असते, पण ती मूर्ती नव्हे. तिच्यावर हळद-कुंकू वाहायला जाऊ नका, चर्मपत्राला बोटही लावू नका. मुंबईतलं ‘शआर हारहमीम’ हे प्रार्थनास्थळ सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलं, पुण्याचं ‘लाल देऊळ’ 1867 चं. अशा ठिकाणी सहसा आधी परवानगी घ्यावी लागते, ओळखपत्रही जवळ ठेवा.

सणांच्या शुभेच्छा देतानाही जरा जपून. ‘नव्याचा सण’ म्हणजे त्यांचं नवं वर्ष, तेव्हा आनंदाने गोड बोला. त्यानंतर दहा दिवसांत येणारा ‘दारफाळणीचा सण’ म्हणजे योम किप्पूर. तो सुमारे 25 तासांचा निर्जळी उपास असतो, त्या दिवशी मिठाई घेऊन दार वाजवू नका. ‘बिरड्याचा सण’ नावावरून मेजवानीचा वाटतो, पण तो जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या दु:खाचा दिवस आहे. बिरडं खाल्लं जातं ते उपास सुटल्यावर.

आणि मलिदा. नवस फेडताना, लग्नकार्यात, गृहप्रवेशाला भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळं मोठ्या ताटात मांडून एलियाहू हन्नबी या प्रेषिताची आठवण काढली जाते. अलिबागजवळ खंडाळे इथल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. याला ‘तुमचा प्रसाद’ म्हणू नका, मलिदाच म्हणा. हातात आला की लगेच तोंडातही टाकू नका. फळांवर वेगवेगळे आशीर्वाद म्हटले जातात, झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतल्या उपजेचा वेगळा. ते संपेपर्यंत थांबा, सगळ्यांबरोबर ‘आमेन’ म्हणा आणि मग खा.