ट्रेडमिलवरून उतरताना चक्कर येत असेल तर काय करावे

पट्टा चालू असतानाच गरगरायला लागले, तर घाईने उतरायला जाऊ नका. अनेक जण आपटतात ते तिथेच. दोन्ही हातांनी हँडल धरा, पाय पट्ट्याच्या बाजूच्या स्थिर कडांवर ठेवा आणि मग स्टॉप दाबा. कपड्याला अडकवायची, ओढली गेली की पट्टा थांबवणारी सेफ्टी की याच प्रसंगासाठी असते, पण ती बऱ्याचदा नुसतीच लोंबकळत असते.

उतरल्यावर भिंतीला टेकून उभे राहू नका, खाली बसा. डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर सरळ आडवे व्हा आणि पाय खुर्चीवर किंवा बॅगेवर उंच ठेवा. बरे वाटले की आधी उठून बसा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा.

आता ती चक्कर नेमकी कशी होती ते आठवा, कारण उपाय त्यावर ठरतो.

जमीन सरकतेय, आपण अजून पुढेच चाललोय असे वाटत होते? पाय चालत असतात, पण डोळ्यांना समोरची भिंत जागच्या जागी दिसते. मेंदू या विसंगतीची सवय करून घेतो आणि पट्टा थांबल्यावर ती सवय मोडायला त्याला थोडा वेळ लागतो. नवख्यांना हे जास्त जाणवते आणि एकदोन मिनिटांत ओसरते. मान खाली घालून मोबाइल बघणे बंद करा, नजर समोर ठेवा.

अंधारी आली, पाय लटपटले, तर बहुधा रक्तदाब घसरला आहे. व्यायामात पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला रक्त वर ढकलत असतात. पाय एकदम थांबले की हा पंप बंद पडतो, रक्त खाली साठते, मेंदूला कमी मिळते. म्हणून एरवी थेट स्टॉप दाबायची सवय सोडा. ताशी ८ किलोमीटरने धावत असाल तर आधी चढ शून्यावर आणा, मग २ मिनिटे ६ वर, २ मिनिटे ४.५ वर आणि शेवटची २ मिनिटे ३ वर चाला. चक्कर नसेल तर उतरल्यावरही खोलीत दोन फेऱ्या मारा. लगेच वाकून बुटांच्या नाड्या सोडू नका. गरम पाण्याच्या अंघोळीनेही रक्तवाहिन्या रुंदावतात, तेव्हा तीही जरा उशिराच करा.

यात पाण्याची कमतरता भर घालते. रस्त्यावर धावताना अंगाला वारा लागतो, ट्रेडमिलवर आपण जागचे हलतच नाही. त्यामुळे मे महिन्यात बंद खोलीत घामाच्या धारा लागतात. पंखा समोर लावा आणि व्यायामाआधीच्या दोन तासांत दोन ग्लास पाणी प्या. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर त्यांचेच ऐका.

हात थरथरणे, गार घाम आणि भूक असेल तर रक्तातली साखर घसरल्याचा संशय घ्या. सकाळी रिकाम्या पोटी चढत असाल तर तासभर आधी एक केळे खा. मधुमेहाची इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांनी लगेच साखर तपासावी. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असल्यास तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी.

रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही रक्तदाब घसरून चक्कर येते. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

व्यायाम चालू असताना शुद्ध हरपणे हे नंतरच्या चकरेपेक्षा गंभीर. शुद्ध हरपणे, छातीत दाब, अनियमित धडधड, बोलताना अडखळणे किंवा एका बाजूची ताकद जाणे, यातले काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. नुसती चक्कर वरचेवर येत असेल तर डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची यादी घेऊन जा. चक्कर किती मिनिटांनी आणि कोणत्या वेगावर आली तेही लिहून न्या. झोपून आणि उभे राहून असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगा. अशक्तपणा असेल तर हिमोग्लोबिनही तपासून घ्या.