पाठ करायचं तर आधी पुस्तक मिटा

जानेवारी जवळ आला की सोलापुरातल्या घराघरांत पाठांतराची धांदल उडते. 12 तारखेला हुतात्मा दिनाचं भाषण, 26 तारखेचं भाषण वेगळं, त्यात स्नेहसंमेलनातली कविता आणि कुठे मनाच्या श्लोकांची स्पर्धा. पोरगं पुस्तक डोळ्यांसमोर धरून एकच पान वीस वेळा वाचतं. “झालं का पाठ?” विचारलं तर “झालं” म्हणतं. पुस्तक काढून घेतलं की तिसऱ्या ओळीवर गाडी अडकते. मग आई म्हणते, लक्ष नाही. लक्ष असतं हो, रीत चुकीची असते. पानावर नजर फिरली की मजकूर ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचं म्हणजे पाठ झालं असा समज होतो. खालची रीत कवितेला, स्तोत्राला, पाढ्याला, भाषणाला, सगळ्याला चालते. मोठ्यांनाही चालते. साठीनंतर गीतेचा पंधरावा अध्याय पाठ करायला घेणारे आपल्याकडे कमी नाहीत.

पहिलं काम: शब्दन्शब्द हवं की मुद्दे, ते ठरवा

कविता, श्लोक, अभंग शब्दन्शब्दच पाठ व्हायला हवेत. भाषण तसं पाठ करू नये. शब्दन्शब्द घोकलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते पोपटपंचीसारखं लागतं. भाषणाची सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पक्कं करा, मधले मुद्दे क्रमाने लक्षात ठेवा. ते कसे, ते पुढे येतंच.

मग अर्थ, उच्चार आणि एकच प्रत

अर्थ न कळता पाठ केलेलं टिकत नाही असं नाही, पण त्याला दुप्पट कष्ट पडतात. आपल्या गावात अनेक मुलांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असते, काहींची उर्दू. अशा मुलाला मराठी कविता पाठ करायची असेल तर आधी तिचा अर्थ त्याच्या घरच्या भाषेत आजीला सांगायला लावा. आजीने दोन प्रश्न विचारले की अर्थ पक्का झाला. मग मराठी ओळ घ्या.

उच्चार पहिल्याच दिवशी नीट करून घ्या. चुकीचा पाठ झालेला शब्द सुधारणं नवा शब्द शिकण्यापेक्षा अवघड जातं, जीभ सवयीनं जुन्या वाटेनेच जाते. आणि प्रत एकच ठेवा. आज छापील पुस्तक, उद्या मोबाइल, परवा वहीतली नक्कल असं केलं की पाठभेद येतात, शिवाय “डाव्या पानावर, वरून तिसरी ओळ” ही डोळ्यांत बसणारी खूण हातची जाते.

तुकडे लहान घ्या

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये मांडलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो. नंतरच्या संशोधकांनी हा आकडा चारच्या आसपास आणला. आपला फोन नंबर आपण पाच-पाच आकड्यांत का सांगतो, ते यावरून कळतं. श्लोकाच्या एका वेळी दोन ओळी पुरे. मनाचे श्लोक 205 आहेत. आकडा ऐकून धास्ती वाटते, पण रोज दोन केले तरी साडेतीन महिन्यांत होतात. शिवाय ते भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक ओळीत 12 अक्षरं, लघु-गुरु-गुरु अशी चाल चार वेळा. एखादं अक्षर गळलं तर चाल लंगडते आणि कानालाच कळतं. म्हणून पद्य नेहमी मोठ्याने आणि चालीतच पाठ करावं. मनातल्या मनात केलेलं ऐनवेळी तोंडात येत नाही.

मिटा आणि म्हणा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि टाळलीही हीच जाते. दोन ओळी दोनदा वाचा. पुस्तक मिटा. म्हणा. अडलं तर लगेच उघडू नका, दहा-पंधरा सेकंद आठवायचा खटाटोप करा. नाहीच आलं तर तेवढाच शब्द बघा, पुन्हा मिटा, पुन्हा सुरुवातीपासून. हा खटाटोप नकोसा वाटतो खरा, पण पाठांतर त्यातच घडतं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या संशोधकांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे देऊन हे तपासलं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आदल्या रात्री नुसतं वाचून सकाळच्या चाचणीत निभावून नेणाऱ्या मुलाला वार्षिक परीक्षेत काहीच का आठवत नाही, त्याचं कारण इथे आहे.

घरात कोणी ऐकणारं असेल तर उत्तम. ऐकणाऱ्याने मात्र एक पथ्य पाळावं: अडलं की लगेच अख्खी ओळ सांगायची नाही. थांबायचं, मग पहिलं अक्षर द्यायचं. आमच्याकडच्या भजनी मंडळात जुनी माणसं असंच करतात, नुसता पहिला सूर देतात आणि बाकीचं समोरच्याला उचलू देतात.

ओळी नाही, सांधे विसरतात

पाठ म्हणताना माणूस कुठे अडतो ते एकदा बारकाईने बघा. ओळीच्या मध्ये क्वचितच. एक कडवं संपून दुसरं सुरू होताना अडतो. कडव्याच्या आत अर्थ आणि चाल पुढे ढकलत असते. कडवं संपलं की तो धक्काही संपतो. म्हणून सांध्यांचा सराव वेगळा करायला हवा. पहिल्या कडव्याचे शेवटचे दोन शब्द आणि दुसऱ्याचे पहिले दोन, एवढंच घ्या आणि पाच-सहा वेळा सलग म्हणा. मग दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं.

वेदपाठी मंडळींनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. क्रमपाठात पहिलं-दुसरं पद, म्हणजे शब्द, म्हणायचं, मग दुसरं-तिसरं, मग तिसरं-चौथं, म्हणजे प्रत्येक पद मागच्याशीही बांधलेलं आणि पुढच्याशीही. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट. घनपाठ त्याहून गुंतागुंतीचा. लिहून न ठेवता मजकूर जसाच्या तसा पुढे नेण्याची ती व्यवस्था होती. आपल्याला कवितेसाठी एवढं करायची गरज नाही, पण क्रमपाठातली युक्ती उचलायला काय हरकत आहे?

दुसरी खोड म्हणजे दर वेळी पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. त्यामुळे पहिली दोन कडवी घोटून घोटून गुळगुळीत होतात आणि शेवटची दोन कच्ची राहतात. उपाय सोपा आहे, उलटीकडून या. आधी शेवटचं कडवं पाठ करा, मग त्याच्या आधीचं घेऊन शेवटपर्यंत म्हणा, मग त्याच्याही आधीचं. अशाने पुढे जाताना तुम्ही सतत जास्त पक्क्या मजकुराकडे जात असता. स्पर्धेत शेवटी आवाज चढायच्या जागी आवाज बसतो, तो बहुतेक वेळा पाठ कच्चा असल्यामुळे.

पाढे आणि सनावळ्या

आकडे घोकण्याआधी त्यांच्यातली गंमत शोधा. 29 चा पाढा मुलांना डोंगर वाटतो. लिहून काढा: 29, 58, 87, 116, 145, 174, 203, 232, 261, 290. एकक स्थानचा अंक 9, 8, 7 असा एकेक उतरत शून्यावर येतो. आणि हा 30 चाच पाढा आहे, फक्त एकोणतीस साते विचारलं तर 210 मधून 7 काढायचे. हे एकदा दिसलं की पाठ करायला उरतंच किती? तरीही पाढा तोंडातच बसायला हवा, हिशोब मांडत बसण्याएवढा वेळ परीक्षेत नसतो. जुन्या पिढीचा संध्याकाळचा परवचा त्यासाठीच होता, पावकी-निमकीसकट, म्हणजे पाव आणि अर्ध्याच्या पाढ्यांसकट.

यादीसाठी आद्याक्षरं चालतात. ता-ना-पि-हि-नि-पा-जा विसरलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. तारखा मात्र आधीपासून पक्क्या असलेल्या एखाद्या गोष्टीला अडकवाव्यात. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना इंग्रजांनी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली ती तारीख 12 जानेवारी 1931. सोलापूरकराने ती वेगळी कशाला घोकायची? गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, गडबड सुरू असते, संक्रांत दोन दिवसांवर असते, तेव्हाची.

भाषणासाठी घरभर चाला

सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांबरोबर 68 लिंगांची प्रदक्षिणा जो दरवर्षी चालतो, त्याला पुढचं वळण विचारावं लागत नाही. जागांचा क्रम माणसाला आपोआप लक्षात राहतो. ग्रीक आणि रोमन वक्ते याचा उपयोग भाषणासाठी करत. सिसेरोने या युक्तीचं श्रेय सायमोनिडीस नावाच्या कवीला दिलं आहे.

12 जानेवारीचंच भाषण घेऊ. मुद्दे असे: मिठाचा सत्याग्रह, मे 1930 मध्ये गांधीजींना अटक, सोलापुरातल्या गिरणी कामगारांचा संप, शहरावर लादलेला मार्शल लॉ (लष्करी कायदा), चौघांना फाशी. आता स्वतःच्या घरात शिरा. उंबऱ्यावर मिठाचा ढीग पडलाय, ओलांडूनच आत जावं लागतं. दाराच्या कडीला बेडी अडकवलीय. बैठकीच्या खोलीत माग उभा आहे, पण बंद, खटखट नाही. जिन्यावर बंदूकधारी शिपाई, वर जाऊ देत नाही. गच्चीवर चार झेंडे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. दोन-तीनदा खरोखर घरातून चालत म्हणा, मग डोळे मिटून चाला. व्यासपीठावर मुद्दा विसरला तर एवढंच विचारायचं, आपण आता घरात कुठे आहोत? चित्रं ठळक हवीत, पण विषय असा असताना थट्टेची नकोत.

उजळणी कधी करायची

जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 मध्ये तो प्रसिद्ध केला. तासाभरात निम्म्याहून जास्त गेलं, दिवसभरात सुमारे दोन तृतीयांश. पुढे घसरण मंदावली, महिन्यानंतरही पाचवा हिस्सा शिल्लक होता. अर्थपूर्ण, चालीतली कविता यापेक्षा जास्त टिकते, पण पहिला दिवस धोक्याचा हे तिलाही लागू. म्हणून सकाळी पाठ केलेलं त्याच रात्री झोपण्याआधी एकदा, दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. प्रत्येक उजळणी पाच मिनिटांची, आणि तीही पुस्तक मिटूनच. एका बैठकीत दोन तास घोकण्यापेक्षा हे हलकं पडतं. झोप मोडून मात्र पाठ करू नका, दिवसभराचं शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. उन्हाळ्यात तर आपल्याकडे दुपारी डोकं चालतच नाही, पहाटेची गच्ची बरी.

ऐनवेळी अडलं तर

शेवटचे दोन-तीन दिवस उभं राहून म्हणा, टीव्ही चालू असताना म्हणा, पाहुणे असताना म्हणा. शांत खोलीत पक्कं झालेलं माईकसमोर ढासळतं, कारण गोंगाटाची सवयच नसते. तरीही अडलात तर त्याच शब्दाशी झगडू नका. एक श्वास घ्या, दोन ओळी मागे जा आणि तिथून चालीत धावत या. बहुतेक वेळा तो शब्द वेगातच तोंडातून निघतो. नाहीच निघाला तर पुढच्या कडव्यावर उडी मारा. सांधे वेगळे घोटले असतील तर कुठूनही सुरू करता येतं. समोरच्यांपैकी ती कविता पाठ असलेला एखादा सोडला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.