जनुकशास्त्र आणि विकासात्मक जीवशास्त्रात पीएचडी: पुण्यातील विद्यार्थ्यांसाठी तयारीची यादी

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या आणि पुढे जनुकशास्त्र किंवा विकासात्मक जीवशास्त्रात पीएचडी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने नेट या पात्रता परीक्षेच्या क्लासची फी भरण्यापूर्वी एखाद्या प्रयोगशाळेत किमान तीन महिने काम करून पाहावे, ही या यादीतील पहिली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. पुण्यात नेहमीचा क्रम याच्या उलट असतो. आधी अभ्यासिकेत जागा, मग परीक्षा, मग जिथे प्रवेश मिळेल ती प्रयोगशाळा आणि त्या प्रयोगशाळेत जो सजीव असेल तो. पाच-सहा वर्षे ज्या सजीवाच्या वेळापत्रकाने जगायचे, त्याची ओळख इतक्या उशिरा होणे बरे नाही. पाषाणला आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था, अशा सगळ्या जागा पीएमपीच्या एका पासावर गाठता येतात. त्या सोयीचा उपयोग विद्यार्थिदशेतच करून घ्यावा. ईमेल मात्र प्रत्येक प्राध्यापकाला स्वतंत्र लिहावी. त्यांचा एक शोधनिबंध खरोखर वाचून, त्यातील एखाद्या आकृतीविषयी नेमका प्रश्न विचारलेल्या चार ओळींना उत्तर येण्याची शक्यता असते. ‘आपल्या नामांकित संस्थेत’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या सामुदायिक पत्राला ती जवळजवळ नसते.

सजीवाची निवड करताना त्याच्या पिढीचा कालावधी पाहावा. ड्रोसोफिला ही फळमाशी २५ अंश सेल्सिअसला साधारण १० दिवसांत अंड्यापासून प्रौढ होते, त्यामुळे तीन पिढ्यांचा संकर महिनाभरात हाती येतो. झेब्राफिश या छोट्या माशाला प्रौढ होण्यास दोन-तीन महिने लागतात. उंदराच्या बाबतीत नुसता गर्भकाळच तीन आठवड्यांचा असतो आणि पिल्लू वयात येण्यास आणखी दीड-दोन महिने जातात, म्हणून तोच प्रश्न उंदरात विचारणाऱ्याने अर्ध्या वर्षाची तयारी ठेवावी. दिनक्रमही त्यानुसार बदलतो. माशीच्या प्रयोगशाळेत संकरासाठी व्हर्जिन, म्हणजे नराशी अजून समागम न झालेल्या, माद्या लागतात. कोशातून बाहेर आल्यावर साधारण आठ तासांच्या आत त्या वेगळ्या कराव्या लागत असल्याने सकाळी लवकर येऊन कुप्या रिकाम्या करणे आणि संध्याकाळी पुन्हा तेच करणे, हे वर्षानुवर्षे चालते. कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर माश्या गुंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशच्या टोकाने एकेक उलटवत, फिकट अंगाच्या आणि पोटात गडद ठिपका दिसणाऱ्या कोवळ्या माद्या निवडताना ज्याला तासाभरात कंटाळा येतो, त्याने हे स्वतःविषयी आधीच जाणून घेणे हिताचे. झेब्राफिशच्या प्रयोगशाळेत नर आणि मादी रात्री पडदी टाकून वेगळे ठेवतात, सकाळी दिवे लागल्यावर पडदी काढतात आणि पारदर्शक अंडी गोळा करतात. चोवीस तासांत त्यांत शरीराचा आराखडा डोळ्यांना दिसू लागतो. आघारकर संस्थेत हायड्रा या गोड्या पाण्यातील छोट्या प्राण्यावर अनेक वर्षे काम होत आले आहे. कापलेल्या तुकड्यातून संपूर्ण प्राणी कसा घडतो, या प्रश्नाचे आकर्षण असलेल्याने तो पर्यायही पाहावा.

कोंबडीचे भ्रूण हा तर पुण्याच्या परंपरेचा भाग आहे. एडिंबरा येथे या भ्रूणांवर काम करून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हे शास्त्र रुजवले. या भ्रूणात कायखंडांची (ज्यांपासून पुढे मणके आणि स्नायू घडतात) नवी जोडी साधारण ९० मिनिटांनी तयार होते, झेब्राफिशमध्ये साधारण ३० मिनिटांनी. हा फरक कशामुळे असावा याचा विचार पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीपूर्वी जरूर करावा. (किराणा दुकानातील अंडी उबवणयंत्रात ठेवून काही होत नाही. ती फलित नसतात. हॅचरीतूनच आणावी लागतात.)

यानंतर कागदावरचे जनुकशास्त्र. बहुतेक विद्यार्थ्यांना क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राची पायरीन् पायरी पाठ असते, पण दोन उत्परिवर्तने एकाच जनुकात आहेत की दोन वेगळ्या जनुकांत, हे संकरावरून कसे ठरवायचे, असे विचारल्यावर ते अडखळतात. हे ठरवणारी पूरकतेची चाचणी, एपिस्टॅसिस (एका जनुकाने दुसऱ्याचा परिणाम झाकणे), सहलग्नता (जवळची जनुके एकत्र वारशाने जाणे) आणि वंशावळींची उदाहरणे रोज दोन-तीन सोडवावीत, आणि तीही पर्यायांकडे न पाहता. क्रिश्चियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी हायडलबर्गमध्ये माशीच्या अळ्यांची बाह्य रचना एकेक करून तपासली आणि १९८० साली खंडांच्या मांडणीवर परिणाम करणाऱ्या १५ जनुकस्थानांची नोंद प्रसिद्ध केली. १९९५ च्या नोबेल पारितोषिकामागे हे काम होते. त्यात सापडलेल्या हेजहॉग जनुकाचे माणसातील भावंड बिघडले तर गर्भाच्या मेंदूचे दोन अर्धगोल नीट वेगळे होत नाहीत. अशी एक साखळी, म्हणजे माशीतील निरीक्षणापासून माणसातील विकारापर्यंत, स्वतःच्या शब्दांत दहा मिनिटे सांगता येणे हे टिपणांच्या दोन वह्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते. एखादे जनुक एखाद्या अवयवासाठी आवश्यक असणे आणि पुरेसे असणे यांतील फरकही याच तयारीत पक्का करावा. वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेने १९९५ मध्ये आयलेस हे डोळ्याच्या घडणीसाठी लागणारे जनुक माशीच्या पायावर आणि पंखांवर कार्यान्वित करून तेथे डोळे निर्माण केले. त्याच कामात उंदराचे समकक्ष जनुक वापरले तेव्हाही जे डोळे आले ते माशीचेच होते. का, हे मुलाखतीत विचारण्यासारखे आहे.

परीक्षांविषयी थोडक्यात. सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते. जीवविज्ञानाच्या २०० गुणांच्या पत्रिकेतील १०० गुण शेवटच्या भागाचे असतात, तेथे ७५ पैकी केवळ २५ प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा होतो. त्यामुळे आनुवंशिकी आणि विकासात्मक जीवशास्त्र हे दोन घटक खरोखर पक्के असलेल्याला सगळा अभ्यासक्रम वरवर वाचलेल्यापेक्षा अधिक वाव असतो. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) घेत असलेली जीवशास्त्राची संयुक्त परीक्षा तर्कावर अधिक भर देते आणि तिचा निकाल अनेक संस्था ग्राह्य धरतात. बीएस्सीनंतर थेट एकात्मिक पीएचडीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी फेब्रुवारीतील जॅम ही प्रवेश परीक्षा विसरू नये. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीसच भरावे लागतात आणि मार्चमध्ये जागे होणाऱ्यांची त्यात निराशा होते. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. हा आकडा घरच्यांना आधीच सांगून ठेवावा, कारण बरोबरीच्या अभियंत्यांच्या पगाराशी तुलना प्रत्येक दिवाळीत होणारच.

पीएचडीनंतर काय, हा प्रश्न प्रवेशापूर्वीच हाताळावा. प्राध्यापकीचे स्वप्न असणाऱ्याने महाविद्यालयांतील कायमस्वरूपी पदे किती क्वचित भरली जातात आणि नेट-सेट उत्तीर्ण झालेले किती जण तासिका तत्त्वावर काम करत आहेत, याची चौकशी आपल्याच महाविद्यालयातील तरुण शिक्षकांकडे करावी. संशोधन संस्थेतील पद हवे असेल तर बहुधा पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदाची, आणखी काही वर्षे धरावीत. वंध्यत्व उपचार केंद्रातील भ्रूणतज्ज्ञ हा मार्ग या विषयाच्या विद्यार्थ्यांना साहजिकच खुणावतो. तेथे गर्भ पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत, ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत वाढवण्याचे काम असते आणि हाताच्या स्थिरतेला पदवीइतकेच मोल असते. परंतु २०२१ च्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानंतर या पदाची पात्रता नियमांनी ठरवलेली असल्याने, केवळ माशीवरील पीएचडीच्या बळावर ते मिळेल असे गृहीत न धरता नियम मुळातून वाचावेत. आनुवंशिक समुपदेशनाला रक्ताच्या नात्यातील विवाह, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांमुळे महाराष्ट्रात खरी गरज आहे, पण ते संवादाचे काम आहे. वाहक असल्याचे कळलेल्या जोडप्याशी साध्या मराठीत बोलता येणे ही त्याची पहिली अट, आणि अशा केंद्राची नोंदणी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली होत असल्याने त्या कायद्याची माहिती ही दुसरी. जनुकीय निदान प्रयोगशाळा, बियाणे कंपन्या, औषधांची विषारीता झेब्राफिशवर तपासणाऱ्या संस्था, पेटंट आणि विज्ञानलेखन येथेही जागा असतात. नवउद्योगाचा विचार असलेल्यांनी एनसीएलच्या परिसरातील व्हेंचर सेंटरला एकदा भेट द्यावी. संगणकावर जनुकीय माहितीचे विश्लेषण, आर किंवा पायथन या संगणकभाषा वापरून, करता येणाऱ्याला यांपैकी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी प्राधान्य मिळते. म्हणून ते शिकणे पीएचडीच्या चौथ्या वर्षावर ढकलू नये.

प्रयोगशाळा निश्चित करण्यापूर्वी तेथील शेवटच्या पाच-सहा पीएचडीधारकांची नावे संस्थेच्या प्रबंधसूचीतून काढावीत, ते आज कोठे आहेत ते पाहावे आणि त्यांपैकी किमान दोघांशी बोलावे. पीएचडीला किती वर्षे लागली, शेवटच्या वर्षी शिष्यवृत्ती संपल्यावर पैशांची सोय कोणी केली, शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे लागले आणि मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटत, हे चार प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. हे बोलणे फोनवर करावे, कारण या गोष्टींची खरी उत्तरे ईमेलवर कोणी लिहून देत नाही.