हबलच्या फोटोत बटुग्रहाचा चंद्र शोधताना या चुका टाळा

माकेमाके हा बटुग्रह साधारण १,४३० किलोमीटर रुंद आहे, पण सूर्यापासून ५२ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ५२ पट) दूर. तिथून त्याची थाळी हबलच्या डब्ल्यूएफसी३ कॅमेऱ्यात जेमतेम एका पिक्सेलएवढी, म्हणजे ०.०४ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) भरते. फोटोत गोळा त्याहून मोठा दिसतो, कारण २.४ मीटरच्या आरशातून येताना प्रकाश पसरतो. तो गोळा शार्प करून ‘विवरं’ शोधू नका. सापडतील ती सॉफ्टवेअरनेच काढलेली असतील.

सगळ्यात जास्त घोळ फ्रेम जोडताना होतो. अर्काइव्हमधली तयार डीआरसी फाइल (अनेक फ्रेम जोडून केलेली) आकाशाच्या निर्देशांकांवर जुळवलेली असते, आणि माकेमाके आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना तासाला जवळपास अडीच आर्कसेकंद, म्हणजे ६० पिक्सेल सरकतो. परिणामी बटुग्रह फराटतो आणि चंद्र त्यात विरून जातो. सुट्या एफएलसी फ्रेम (एकेका एक्स्पोजरच्या, न जोडलेल्या) घ्या, बटुग्रहाच्या केंद्रावर जुळवा आणि प्रत्येक पिक्सेलचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं मूल्य) काढा. ताऱ्यांच्या रेघा आपोआप पुसल्या जातात. वैश्विक किरणांचे ठिपकेही जातात, मात्र त्यासाठी किमान ३-४ फ्रेम हव्यात. प्रत्येक फ्रेममध्ये दुर्बीण थोडी सरकवलेली नसेल, तर हॉट पिक्सेल (कॅमेऱ्यातले बिघडलेले, कायम चमकणारे पिक्सेल) तसेच राहतात आणि हुबेहूब चंद्रासारखे दिसतात.

एकाच एक्स्पोजरवर सगळं भागवू नका. पिक्सेलमध्ये सुमारे ७०,००० इलेक्ट्रॉन मावतात. पुढचे त्याच स्तंभात वर-खाली सांडतात. स्थान आणि तेज मोजायला काही सेकंदांची फ्रेम, चंद्रासाठी काही मिनिटांची.

संशयित ठिपका आरशाच्या आधाराच्या दांड्यांमुळे पडलेल्या किरणरेषेवर आहे का, हेही पाहा. दुर्बीण वेगळ्या कोनात फिरवून घेतलेल्या फ्रेममध्ये रेषा कॅमेऱ्यासोबत फिरते, खरा चंद्र फिरत नाही.

आणि ‘दिसला नाही’ म्हणजे ‘नाही’ असं धरू नका. माकेमाकेचा चंद्र त्याच्यापेक्षा सुमारे १,३०० पट मंद. २७ एप्रिल २०१५ च्या फ्रेममध्ये तो अर्ध्या आर्कसेकंदाहून थोडा दूर दिसला, २९ एप्रिलला मात्र सापडला नाही. कक्षा जवळपास कडेने दिसत असल्याने तो झगमगाटात लपला असावा. म्हणून मूळ फ्रेममध्ये ठरावीक तेजाचे कृत्रिम ठिपके वेगवेगळ्या अंतरांवर टाका, सगळी प्रक्रिया पुन्हा चालवा आणि कोणत्या अंतरापासून ते परत सापडतात ते नोंदवा. त्या अंतराच्या आतल्या भागाबद्दल काहीच दावा करू नका.