प्रोपेनची लाईन काढायच्या आधी गिऱ्हाईकं मोजा

मेकॅनिकल डिप्लोमा झाल्यावर पहिली दोन वर्षं मी कोल्हापुरातच गॅस फिटिंगच्या साईटवर काढली, हॉटेलं, लॉज, कँटीन, शिरोली एमआयडीसीतले पेंट बेकिंगचे ओव्हन असं सगळं, आणि आता काही वर्षं एका ऑफिसात बसून अमेरिकेतल्या कमर्शियल बिल्डिंगांच्या हीटिंगची ड्रॉइंग करतोय. नवीन पोरं-पोरी विचारतात, दादा पाईप साईझिंग (कुठं किती जाडीचा पाईप लागेल ते काढणं) कुठनं शिकू? अरे साईझिंगचे तक्ते आठ दिवसात जमतील, पण त्या लाईनला कुठला नियम लागतो हे आधी कळलं नाही तर सगळं ड्रॉइंग परत काढायला लागतं, माझं लागलंय म्हणून हे लिहितोय.

आधी आपल्याकडचं थोडं. इथं आपण प्रोपेन म्हणत नाही, एलपीजी म्हणतो, त्यात प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतं. ब्युटेन साधारण शून्य डिग्रीलाच उकळायचं थांबतं, म्हणजे थंड मुलखात टाकीत नुसतं पातळ होऊन पडून राहील, गॅस होणारच नाही, आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत गॅस देतंय, म्हणून तिकडं हीटिंगला सरळ प्रोपेन. आपल्याकडं सुद्धा थंडीत पहाटे लॉजच्या गिझरनी एकदम भरपूर गॅस ओढला की सिलिंडरवर बर्फ धरतो आणि प्रेशर पडतं, ते बघितलं असेल तर हा विषय निम्मा तुमच्या डोक्यात आहे.

इथल्या कामात मी पहिली गोष्ट शिकलो ती म्हणजे मॅनिफोल्डला (सगळे सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या पाईपला) सिलिंडर किती ते मोजायचं. १९ किलोचे पाच म्हणजे ९५ किलो, आणि सहावा लावला की ११४, म्हणजे १०० किलोची हद्द ओलांडली, मग लायसन्सचा विषय येतो आणि तो पेसोकडं, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेकडं जातो, ज्यांचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. मालक म्हणणार, एक जास्त लावला तर काय होतंय ओ. होतंय, नियमच बदलतो. एका हॉटेलात (नाव नको) गॅसगळती ओळखणारा डिटेक्टर छताजवळ बसवलेला आम्हाला सापडला, कारण बसवणाऱ्याला नॅचरल गॅसच्या कामाची सवय, तो गॅस हलका, वर जातो. एलपीजी हवेच्या दीडपट-दुप्पट जड, जमिनीवरनं सरपटत गटारात, तळघरात जाऊन बसतो. आमच्या मिस्त्रींनी त्याच दिवशी डिटेक्टर खाली घ्यायला लावला, तंवर बर्नर पेटवू दिला नाही. तो माणूस माझा खरा गुरू.

आता अमेरिकेचं. तिथं गॅस पाईपलाईनच्या सुरक्षेचा केंद्राचा नियम आहे ४९ सीएफआर पार्ट १९२ (सीएफआर म्हणजे तिथल्या केंद्राच्या नियमांचा संग्रह), बघणारी संस्था फिम्सा, तिथल्या वाहतूक खात्यातली, आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष तपासणी राज्याचे इन्स्पेक्टर करतात. नवीन माणसाला वाटतं हे मैलोनमैल जाणाऱ्या मोठ्या लाईनींसाठी असणार, आपल्या बिल्डिंगमागच्या टाकीचा काय संबंध. संबंध आहे. प्रोपेनची सिस्टीम दहापेक्षा कमी गिऱ्हाईकांना जात असेल आणि तिचा कुठलाच भाग सार्वजनिक जागेत नसेल तर पार्ट १९२ मधनं सूट. किंवा गिऱ्हाईक एकच असेल आणि सगळी सिस्टीम त्याच्याच आवारात असेल तरी सूट, मग ती जागा सार्वजनिक असली तरी चालतं. सूट मिळाली म्हणजे मोकळं रान असं समजू नका, टाकीला एनएफपीए ५८ आणि आतल्या पाईपिंगला एनएफपीए ५४ (एनएफपीए म्हणजे तिथली आगीपासनं सुरक्षेचे कोड काढणारी संस्था), जशी तिथल्या राज्यानं किंवा गावानं स्वीकारली असेल तशी, ही कामं राहतातच.

माझी चूक इथंच झाली. एका ओळीत सहा दुकानं, प्रत्येकाचा आपापला युनिट हीटर, मागं १००० गॅलनची टाकी, बिल्डिंगपासनं २५ फूट अंतर नीट ठेवलेलं, टाकीजवळ पहिल्या रेग्युलेटरनं दाब १० पीएसआयवर आणि दुकानाजवळ दुसऱ्या रेग्युलेटरनं त्याहून खूप कमी, ११ इंच वॉटर कॉलमवर आणलेला. सहा म्हणजे दहापेक्षा कमी, मी शीटवर लिहून टाकलं की पार्ट १९२ लागू नाही. सीनियर मॅडमनी एवढंच विचारलं, जागा सार्वजनिक आहे का? मी म्हटलं नाही मॅडम, खाजगी प्लॉट आहे. त्यांनी फिम्साचा खुलासा उघडून दाखवला, सार्वजनिक जागा म्हणजे जिथं गावातला कोणीही येऊ-जाऊ शकतो ती, आणि त्यात चर्च, शाळांच्या बरोबर कमर्शियल बिल्डिंगा स्वच्छ लिहिलेल्या आहेत. म्हणजे प्लॉट कुणाच्या नावावर हे बघायचंच नाही, तिथं कोण वावरतं ते बघायचं! दुकानांच्या कामात दहाचा आकडा जवळजवळ कधीच उपयोगी येत नाही, एका टाकीवर दोन दुकानं आली की नियम लागला असंच धरून चाला.

नियम लागला की काय बदलतं? पाईप थोडा, जबाबदारी भरपूर. जो गॅस पुरवतो तो ऑपरेटर ठरतो, त्याला देखभालीची आणि इमर्जन्सीची लेखी पद्धत ठेवायला लागते, काम करणाऱ्यांची पात्रता दाखवायला लागते, व्यापारी भागात लीक सर्व्हे दरवर्षी, आणि दोन सर्व्हेत १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. पुरलेला स्टील पाईप असेल तर कोटिंग, कॅथोडिक प्रोटेक्शन (गंज रोखायची विजेची पद्धत) आणि त्याच्या तपासण्या. आम्ही शेवटी जमिनीखालची लाईन पॉलिथिलीनची (प्लास्टिकची) केली आणि जमिनीवर यायला अॅनोडलेस रायझर, म्हणजे बाहेरनं स्टीलचं आवरण असलेले उभे तुकडे दिले, कारण प्लास्टिक पाईप उघड्यावर ठेवायचा नाही. मीटर असेल तर ही हद्द साधारण मीटरच्या आउटलेटपर्यंत, पुढं दुकानाचं पाईपिंग.

वाचायचं असेल तर आख्खा पार्ट घेऊन बसू नका, कंटाळून सोडाल. १९२.१ या कलमातली सूट, १९२.३ मधल्या व्याख्या, मग १९२.११, जिथं लिहिलंय की प्रोपेनच्या बाबतीत पार्ट १९२ आणि एनएफपीए ५८ किंवा ५९ यांचं जमलं नाही तर एनएफपीएचं धरायचं. हे तीन दोनदा वाचा, हातात कागद घेऊन, स्वतःच्या ओळखीच्या बिल्डिंगा समोर ठेवून. म्हणजे राजारामपुरीतलं एखादं कॉम्प्लेक्स धरा. एकाच मालकाचं हॉटेल, एक टाकी, एक बॉयलर, तर गिऱ्हाईक एक. त्याच टाकीवरनं खालच्या मजल्यावर भाड्यानं दिलेल्या रेस्टॉरंटला वेगळी लाईन आणि वेगळं बिल गेलं की झाले दोन, उत्तर पालटलं.

आता कुठलंही काम आलं की साईझिंगची शीट उघडायच्या आधी माझा पहिला ईमेल ठरलेला असतो: टाकीतला गॅस कोण विकत घेतं, बिल कुणाकुणाच्या नावानं फाटतं, आणि लाईन जिथनं जाते तिथनं बाहेरची माणसं चालतात का. कधीकधी उत्तर यायला चार दिवस लागतात, तोवर मी पाईपची एक रेघ सुद्धा ओढत नाही.