गोळ्या चालू, थेरपीही चालू, तरी फरक नाही? या चुका टाळा

नैराश्यावर औषध आणि टॉक थेरपी दोन्ही घेणाऱ्यांची एक चूक हमखास दिसते: दोन्ही उपचार एकमेकांना पत्ता न लागता चालतात. गोळी सुरू झाल्यापासून मळमळतं, झोप उडालीये, लैंगिक इच्छाच उरली नाही, हे पेशंट समुपदेशकाशी तासभर बोलतो. पण गोळी बदलणं त्यांच्या हातात नसतं. ज्यांच्या हातात असतं, त्या मानसोपचारतज्ज्ञांसमोर मात्र "बरं आहे" म्हणत पाच मिनिटांत उठतो.

एक कागद करा. गोळीचं नाव, डोस, कधी सुरू केली, काय त्रास होतो, झोप किती. तोच कागद दोन्हीकडे दाखवा आणि दोघांना एकमेकांशी बोलायची परवानगी स्वतःहून देऊन टाका.

दुसरी चूक घाईची. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांचा त्रास आधी येतो, फायदा मागून. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी पहिल्या आठवड्यात. मनाला उभारी साधारण 2 ते 4 आठवड्यांनी, पूर्ण परिणाम कळायला 6 ते 8 आठवडे. आठव्या दिवशी "मला सूट होत नाही" म्हणून स्ट्रिप कपाटात जाते, ती इथेच. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घेऊन बघा. झोप उडत असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मात्र सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांमध्ये, अस्वस्थता वाढली किंवा जीव द्यायचे विचार आले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो.

सगळ्यात महागात पडते ती तिसरी चूक: बरं वाटलं की गोळी बंद. "आता थेरपी आहे ना, मग गोळी कशाला?" असं घरचेही म्हणतात. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तरी बरं वाटू लागल्यावर निदान 6 ते 9 महिने औषध चालू ठेवतात. एकदम तोडलं की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके येतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये जास्त. मग घरचे म्हणतात, "बघ, सवय लागली!" पण गोळी बंद केल्यावर त्रास दोन-चार दिवसांतच उठला आणि गोळी परत घेतल्यावर लगेच निवळला, तर तो बहुधा औषध एकाएकी तोडल्याचा. आजार सहसा हळूहळू, काही आठवड्यांनी परततो. डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच टप्प्याटप्प्याने उतरवा, आणि त्या काळात थेरपी अजिबात सोडू नका. माझ्या मते थेरपीची खरी गरज तेव्हाच असते.

खरी सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची. त्या सुरुवातीला झोपेसाठी थोडे दिवस दिलेल्या असतात. घरोघरी नेमकं उलटं होतं: नैराश्याची गोळी बंद, झोपेची वर्षभर चालू. (तीही मनाने एकदम तोडू नका.)

आता थेरपीकडे. सेशनला जाऊन मन मोकळं केलं की झालं, असं नसतं. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) साधारण 12 ते 20 सेशनची असते आणि तिचं निम्मं काम घरी होतं: विचारांची नोंद, ठरवून रोज एक छोटी कृती. आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने (अविवेकी विचार तपासून बदलणारी थेरपी) काम करणारेही बरेच आहेत. तिथेही गृहपाठ असतोच. मात्र अंथरुणातून उठवत नसेल तेव्हा वही भरता येत नाही म्हणून स्वतःला कोसू नका. औषधाने थोडी ताकद आली की ती भरता येते.

दोन्ही मिळून किती फरक पडतो? जुनाट नैराश्याच्या 681 रुग्णांवरचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या औषधाने 48 टक्क्यांना गुण आला, नुसत्या थेरपीने 48 आणि दोन्हींनी 73 टक्क्यांना. सौम्य नैराश्यात मात्र बऱ्याचदा एकटी थेरपी पुरते.

आणि सगळं नीट घेऊनही दोन महिन्यांत फरक नसेल, तर थायरॉइड तपासलंय का, दारू चालू आहे का, हे आधी बघा. पूर्वी कधी चार-पाच दिवस झोप नसूनही अंगात भलताच जोर, वारेमाप खर्च, न थांबणारी बडबड असं झालं असेल, किंवा घरात कुणाला झालं असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. तो बायपोलर (मन कधी नैराश्याच्या, कधी अतिउत्साहाच्या टोकाला जाणारा आजार) असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी घेतली तर मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं.